घडा कुणी धरायचा

एसटी भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगरपाशी थांबली तेव्हा फॅक्टरीच्या बसमधून उतरणारे कामगार मला खिडकीतून निरखून घेत होते. मी पदर नीट केला. शस्त्रक्रियेला चार वर्षं झाली, तरी ही सवय जात नाही. पुण्याहून मी माझ्या मैत्रिणीसाठी, सोनलसाठी निघाले होते. बाई होण्याची तिची शस्त्रक्रिया नागपूरला झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा चाळिसावा होता. चाळीस दिवस आरसा बघायचा नाही, केस विंचरायचे नाहीत. मग हळद लावून न्हायचं आणि घडाभर दूध नदीत सोडायचं, अशी आम्हा तृतीयपंथीयांची रीत.

भंडाऱ्याच्या स्टँडवर सोनलची मैत्रीण मंदा न्यायला आली होती. लाखांदूरकडच्या एका गावात मासे धरणाऱ्या घरातली. जाळं ओढून रुंद झालेले हात, जांभळी साडी, पावडरखालून डोकावणारी दाढी. हिनं शस्त्रक्रिया केलेली नाही, हे मला सोनलनं फोनवर सांगितलं होतं. भीत असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

रिक्षा वैनगंगेच्या पुलावरून पलीकडच्या कारधा गावात उतरली. सोनलची खोली नदीजवळच. ती वाळली होती, पण हसत होती. "मंदानंच केलं ताई सगळं," ती म्हणाली. पाणी उकळणं, जखमेचे कपडे बदलणं, चमच्यानं पेज भरवणं. सोनलला अजून वजन उचलवत नव्हतं, म्हणून घडा एखाद्या बहिणीनं धरायचा होता, आणि तो मंदा धरणार होती. मंदानं तो चिंचेनं लख्ख घासला होता. हातभर हिरव्या बांगड्याही भरून घेतल्या होत्या. आमच्या लोकांत तिला आजवर कुणी विधीतल्या कशालाही हात लावू दिला नव्हता.

सकाळी सोनलची गुरू, म्हणजे अम्मा, पाच-सहा जणींना घेऊन आली. दारातच तिनं मंदाच्या डोक्यावरचा घडा पाहिला.

"हा कोन?"

हा. मी ते ऐकलं, सगळ्यांनीच ऐकलं.

"मंदा हावो जी अम्मा."

"अकवा (शस्त्रक्रिया न केलेली) आहेस ना? मंग घडा खाली ठेव. दूध बाटते."

"चाळीस दिवस माह्याच हातचं खाल्लं ना जी तिनं."

"ते दुखण्याचं होतं. रीत अलग. तूबी नागपूरले जाऊन करून घे, मंग धर."

"मले नाही करायचं. मी अशीच बाई हावो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सोनल माझ्याकडे बघत राहिली. मी बोलले असते तर अम्मानं ऐकलं असतं. शहरातली, शिकलेली म्हणून तिच्याकडे माझा मान होता. तेवढ्यात अम्माच म्हणाली, "पुण्याची, तू ये. तू पुरी आहेस."

खोटं कशाला सांगू, तो शब्द मला गोड लागला. बाई असल्याचा दाखला आण, मग घरात ये, असं दारात उभं राहून म्हणणाऱ्या माझ्या बापाचा मला आजही राग येतो. तरीही मी हात पुढे केले. मंदानं घडा स्वतः उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला, चुंबळही नीट केली.

नदी गढूळ, संथ होती. पायऱ्यांवर शेवाळ होतं. दूध पाण्यात पडलं, पांढरा पट्टा जरा लांब गेला आणि दिसेनासा झाला. सोनलला आरसा दाखवला. ती रडली, आम्हीही रडलो. मंदा वर घाटावर उभी होती. अम्मानं तिच्या हातात मोबाईल दिला होता, फोटो काढायला.

दुपारी मी मंदाबरोबर लाखांदूरच्या एसटीत बसले. जेवायला ये, असं तिनं आधीच सांगितलं होतं आणि ते तिनं मागे घेतलं नाही. कंडक्टरनं आमच्याकडे एकदा पाहिलं. "दोन बाया, लाखांदूर?" म्हणाला आणि बायकांची अर्ध्या भाड्याची दोन तिकिटं फाडून दिली. मंदानं तिकीट बांगडीत खोचलं. बाहेर बांध्या (धानाची शेतं) हिरव्यागार होत्या.

घरी तिनं बोडीतले (लहान तळ्यातले) झिंगे आंबट घालून शिजवले, सोबत गरम भात. इतकं चवदार मी कुठे खाल्लं नाही. शेवटी विचारलं, "तुला भीती वाटते का गं ऑपरेशनची?"

"भेव कायचं? मले लागतच नाही ते." तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. "तुले पायजे होतं, तू केलं. मी तुले इचारलं का कधी, काहून केलं म्हणून?"

मी माफी मागितली, घड्याबद्दलही. तिनं ऐकून घेतली. असू दे, असं काही म्हणाली नाही.

पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी फोटो पाहिले. हळद लागलेली सोनल, अम्मा, मधोमध घडा घेतलेली मी. खूप छान आलेत म्हणाल्या, कुणी काढले?

"मंदानं."

"ती कोण?"

चाळीस दिवसांचं सांगायचं, तर घडा माझ्या डोक्यावर कसा आला तेही सांगावं लागलं असतं.

"तिथलीच एक," मी म्हणाले आणि पुढचा फोटो दाखवला.