सिंताबद्दल मी खोटं बोलले

अक्का,

वाठार स्टेशनावर अण्णा मला सोडायला आले होते, ती सकाळ तुला आठवत असेल. आईने निघताना हातावर दही घातलं, पण अंगणापर्यंतही आली नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली सव्वीस वर्षांची मुलगी एकटी कलकत्त्याला नोकरीला निघाली, हे शेजाऱ्यांना दिसू नये असं तिला वाटत होतं. गाडी हलली तेव्हा अण्णा म्हणाले, "तिकडे आपली माणसं धरून राहा. एकट्या बाईला तेवढाच आधार."

गेली सात वर्षं मी तुला ट्रामबद्दल लिहिलं, एस्प्लनेडच्या दुकानांबद्दल लिहिलं, शाळेतल्या मुली माझं नाव कसं घोळवून उच्चारतात तेही लिहिलं. तू दर पत्रात विचारतेस, आता परत का येत नाहीस. त्याचं खरं कारण मी आजवर लिहिलं नाही.

आपली माणसं म्हणजे माझ्यासाठी बापटवहिनी होत्या. बापटसाहेब केंद्र सरकारच्या कचेरीत, बदलीवर आलेले. वहिनींच्या शब्दावर मला भवानीपूरच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी मिळाली, आणि त्यांच्याच शब्दावर घोषबाबूंनी वरच्या मजल्यावरची खोली दिली. एकट्या बाईला खोली द्यायला तोवर तिघांनी नकार दिला होता.

समोरच्या दोन खोल्यांत सिंता राहायची. ती जावा बेटावरची, सोलो गावची. नवरा हार्जोनो एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून. आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो, अडलं की इंग्रजीत. एकदा तिने बोटांवर पाच पांडव मोजून दाखवले, सहदेवाला ती सादेवा म्हणाली. त्यांच्याकडे पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो, त्यात रामायण असतं, आणि तिचं नावही सीतेवरून ठेवलेलं. त्याच दुपारी तिने कोपऱ्यात चटई अंथरली आणि नमाज पढली. माझा चेहरा बघून हसली. म्हणाली, "हम लोग मुसलमान। सीता भी हमारा।"

मला आधी गोंधळायला झालं, मग सवय झाली. तिची आई विधवा होती, बाजारात कापडाचं दुकान चालवायची, आणि घरात कुठलंही कार्य असलं की पहिलं ताट तिच्या हातचं. सिंता मला विचारायची, "तुम रंगीन साड़ी क्यों नहीं पहनता?" मी विषय बदलायचे. पण तिच्या खोलीत बसलं की मला मी विधवा आहे याचा विसर पडायचा. इतकं साधं सुख मला सासरी मिळालं नव्हतं, आणि रागावू नकोस, माहेरीही नाही.

त्या वर्षी वहिनींनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. आमच्या जिन्यात त्यांना सिंता भेटली होती, नाव ऐकून त्यांनी स्वतःच तिला आमंत्रण दिलं. "जावा म्हणजे आपलंच गं, तिकडे आपली देवळं आहेत," असं त्या मला कौतुकाने म्हणाल्या. ती नमाज पढते हे मी सांगितलं नाही.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होते. बाहेर सवाष्णींचं चाललं होतं. सिंताला कुंकू लावलं, वाण म्हणून कंगवा दिला. बायका तिच्या अंबाड्याचं, तंग पोलक्याचं कौतुक करत होत्या. तिने मला शोधलं, आणि उठून थेट आत आली. माझा गुळाने चिकट झालेला हात धरून मला बाहेर ओढू लागली.

"त्या बाहेर येत नाहीत," वहिनी हिंदीत म्हणाल्या. "विधवा आहेत."

सिंता दारातच उभी राहिली. "मेरी माँ भी विधवा," ती म्हणाली. "मेरी माँ नमाज पढ़ता है, और सबको पहला खाना देता है। इसको क्यों छुपाया?"

कुणीतरी कुंकवाचा करंडा मागे ओढून घेतला. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"ही मुसलमान आहे हे तुला ठाऊक होतं?"

मी नोकरीचा विचार केला, खोलीचा केला. अण्णांचे शब्द आठवले. आणि म्हटलं, "नाही."

सिंताला मराठी येत नव्हतं, अक्का, पण 'नाही' तिला समजलं. तिने माझा हात सोडला, कंगवा तबकात परत ठेवला आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून जिना उतरून गेली.

चार दिवसांत ती गोष्ट घोषबाबूंपर्यंत पोचली. त्यांची बहीण पूर्व बंगालमधून सगळं गमावून आलेली होती, खाली त्यांच्याकडेच राहायची, दाराला कडी घातल्याशिवाय तिला झोप यायची नाही. म्हणून घोषबाबूंना नुसतं वाईट ठरवणं मला जमत नाही. ते वर आले, हात जोडून म्हणाले, "दीदी, आपनी जानतेन?" मी पुन्हा मान हलवली, माहीत नव्हतं म्हणून. त्यांनी सिंताच्या नवऱ्याला महिन्याअखेरपर्यंत मुदत दिली.

ते पार्क सर्कसला, मुसलमान वस्तीत राहायला गेले. दोन रविवार मी ट्रामच्या थांब्यावरून परत फिरले, तिसऱ्या रविवारी गेले. तिने चहा दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "तुम डर गया। मैं समझता।" मग कप बाजूला ठेवून म्हणाली, "पर मेरी माँ को मैंने चिट्ठी में लिखा था, यहाँ मेरा एक बहन है। अब क्या लिखूँ?"

उन्हाळ्यात ते बोटीने परत गेले. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

पुढच्या संक्रांतीला वहिनींनी मला वड्या करायला बोलावलं. मी गेले, पण स्वयंपाकघरात न जाता बायकांमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "ती मुसलमान आहे हे मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले."

वहिनी हळूच म्हणाल्या, "मग आता सांगून काय मिळवलंस?"

त्यांचं बरोबरच होतं. सिंता परत येणार नव्हती. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. नोकरी टिकली, खोली मात्र मीच सोडली. आता ढाकुरियाला शाळेतल्या बीणादींबरोबर राहते. त्याही विधवा, ढाक्याहून आलेल्या. संक्रांतीला मी वड्या करते, शाळेची आया जुबेदा येते, तिच्या सासूला घेऊन येते. बीणादींना सुरुवातीला ते जड गेलं. एकदा त्या उठून आतही गेल्या. आता बसतात, पण अजून जुबेदाशी फारसं बोलत नाहीत. मी दोघींना वडी देते आणि मध्ये बसते.

तू म्हणतेस घरी ये. वाईला आले तर तुम्ही सगळे मला सांभाळाल, माझ्याबद्दल हळहळाल, मी पुन्हा बिचारी होईन. इथे मी बिचारी नाही, इथे मी चुकलेली आहे. ते मला जास्त खरं वाटतं, म्हणून आता मी इथलीच.

तुझी,
कमल