इंजिनानं नको म्हटलेलं तेल

औंढ्याला देवळाच्या वाटेवर माझा भज्यांचा गाडा आहे. तेल ताजं का हो आजी, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, रोजचं नवं. इतकी वर्षं म्हटलं, की मलाच ते खरं वाटायला लागलं. खरं काय, तर गाडा आवरताना तेल फडक्यातून गाळायचं, तसंच ठेवायचं आणि सकाळी वरून थोडं नवं ओतायचं. जुन्या तेलात भजं लवकर रंग धरतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

माझी सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या गल्लीत एका मिस्त्रीचा हळद पॉलिश करायचा ढोल आहे, तो डिझेलच्या इंजिनावर फिरतो. हळदीच्या दिवसांत त्याचा काळा धूर असा, की दोरीवरचं धुणं पुन्हा धुवावं लागायचं. बायका रोज भांडायच्या आणि मिस्त्री बिचारा खाली मान घालून ऐकायचा. शेवटी सुनेनं मनावर घेतलं. तळून उरलेल्या तेलात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ती त्याचं इंजिनाचं तेल करायला लागली. खाली चिकट गाळ बसतो, वरचं पातळ धुऊन निथळून डिझेलमध्ये मिसळायचं. पहिल्याच डब्याला धूर विरळ झाला, आणि गल्लीभर तळणाचा वास सुटला. मिस्त्री म्हणायचा, आता इंजिन सुरू केलं की भूकच लागते.

घराघरांतलं उरलेलं तेल पुरेना, तेव्हा मी मोठ्या दिमाखात गाड्यावरच्या तेलाचा डबा भरून आणून दिला. चार बायकांसमोर दिला, हेही सांगते.

सोमवारी सकाळी सून अंगणात तेल तपासायला बसली. तेल फार जळलेलं असलं तर इंधनाऐवजी साबण होतो, म्हणून आधी बघावं लागतं. तिची रीत सोपी होती. थोडं तेल स्पिरिटमध्ये ढवळायचं, त्यात चिमूटभर हळद टाकायची आणि वरून सोड्याच्या पाण्याचे थेंब सोडायचे. तेल चांगलं असलं तर थोड्याच थेंबांत हळद लाल होते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो ना, तसंच. ते कळायला आम्हाला कॉलेज नको.

शेजारणीचं तेल पाच थेंबांत लाल झालं. दुसरीचं सहा-सात थेंबांत. मग माझं घेतलं. सून थेंब सोडत राहिली, बायका मोठ्यानं मोजत राहिल्या. वीस झाले, तीस झाले, हळद आपली पिवळीच. मोजणाऱ्यांचा आवाज हळूहळू बसला.

मिस्त्रीनं पेला उचलून वास घेतला.

"मावशी, हे इंजिन बी न्हाई म्हनंल. पोट बिघडंल त्याचं."

त्याच्या मनात काही नव्हतं. सगळे हसले, मीपण हसले. सून तेवढी हसली नाही. डब्यात आधीचं काहीतरी राहिलं असेल, म्हणून बिघडलं, असं म्हणाली. तो डबा तिनंच घासून मला दिला होता. मी तिच्या खोट्याला मान डोलावली.

तिथंच बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी गाड्यावर गेले. कढईत त्याच तेलातलं उरलेलं होतं. सोमवार, माणसांची रीघ. मी वरून नवं ओतलं आणि जाळ लावला.

संध्याकाळी सून नातीला घेऊन आली. नात चार वर्षांची, रोज माझ्या हातचं भजं खायची. मी सवयीनं तिच्या हातात ठेवलं. सुनेनं ते हिसकावलं नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली, बस. मग मीच ते लेकराच्या हातातून काढून घेतलं.

"काहून घेतलं गं आजी?" म्हणत तिनं भोकाड पसरलं.

बाकावर दर्शनाला आलेली एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर नातीएवढंच लेकरू, पुढ्यात माझ्या भज्यांची प्लेट. नात रडतेय बघून तिनं आपल्यातलं एक भजं उचलून पुढं केलं.

"घे माय, रडू नको."

"तिला खोकला झालाय हो," असं म्हणून सुनेनं नातीला उचललं आणि ती निघून गेली. एका दिवसात दुसऱ्यांदा तिनं माझ्या चुकीवर पांघरूण घातलं.

मी काय केलं? बाईनं ते भजं आपल्या लेकराला भरवलं, तेव्हा मी झारा हलवत होते. तिनं आणखी एक प्लेट मागितली, ती मी दिली. माझ्या नातीच्या तोंडातून काढलं, तिच्या लेकराच्या तोंडात जाऊ दिलं. जाताना ती म्हणाली, पुन्हा दर्शनाला आलो की तुमच्याकडंच येऊ.

आता माझं तेल दोन दिवसांत सुनेच्या डब्यात जातं आणि इंजिनाला चालतं. दर सोमवारी मी बाकाकडं बघते, ती आली तर सांगून टाकावं म्हणून. ती कदाचित येऊन गेलीही असेल. मला कळणार कसं? त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं.