दवाखान्यातला कीचड़

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण हाती लागलीच तर हसू नये.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या जिन्याखाली मांजरीचं एक पिल्लू येऊन राहिलं. आई कुठे दिसली नाही. आठ दिवसांत त्याचं पोट गोल झालं. मी सासूबाईंना कौतुकानं दाखवलं, "आई, बाळसं धरलं पाहा."

"चार लेकरं वाढवली मी. बाळसं काय पोटालेच येते? पाय पाह्य, काड्या हायेत."

मग मी घाबरले. पिल्लू शिंकतही होतं, आणि रोज सकाळी त्याच्या डोळ्यांत चिपडं साचत. जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. लेकराला डॉक्टरकडे नेताना तोंड धुऊनच नेतात, म्हणून मी ओल्या कापसानं त्याचे डोळे लख्ख पुसले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. जंत होते. औषध लिहिता लिहिता, इथे सगळे बोलतात तसं हिंदीत विचारलं, "दीदी, आँख में कीचड़ आता है?"

मला राग आला. कीचड़ म्हणजे चिखल, एवढं हिंदी मला येतं. म्हटलं, "नहीं सर, हमारा घर एकदम साफ है."

त्यांनी चिठ्ठी हातात दिली. जंताचं औषध घेऊन आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी डावा डोळा उघडेचना. पापणी सुजून चिकटली होती. डोळा जातो की काय, अशी भीती वाटली. पैसे पहिल्या खेपेलाच संपले होते. सासूबाईंकडे तीनशे मागितले.

"मांजरीसाठी तीनशे? माह्या दाढेसाठी नाही धावली कधी अशी." पण डबा उघडला.

या वेळी तोंड न धुताच नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतना सारा कीचड़! उस दिन पूछा था, तो आपने मना किया."

"सर, ये तो चिपडं है. मुझे लगा, आप सड़क का कीचड़ पूछ रहे हैं."

बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या बाई खुदकन हसल्या. मी पदरात तोंड लपवलं. डॉक्टरही हसले, मग म्हणाले, "डोळा वाचेल," आणि हे चक्क मराठीत म्हणाले. एवढं मराठी येत होतं, तर आधीच बोलायचं होतं.

दिवसातून चार वेळा थेंब घातले. माझ्या हातांवर ओरखडेच ओरखडे. पाचव्या दिवशी डोळा उघडला. तेव्हापासून सासूबाई रोज विचारत, "काहून वं, आज चिखल हाय का?"

गोल बाजारातल्या दुकानाच्या साड्यांना फॉल लावून मी पन्नास-पन्नास करून पैसे फेडत होते. काल शेवटची नोट पुढे केली. पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं. त्यानं दोन्ही डोळ्यांनी नेम धरला आणि नोटेवर झडप घातली.

"यानंच घेतली वसुली," सासूबाई म्हणाल्या, नोट सोडवून डब्यात टाकली, "झाले तीनशे पुरे."