पडद्यावरचे पाय

नावडे गावात गोजराबाईशी भांडण काढायचं असेल, तर आधी दोन दिवसांची रजा टाकावी. एका दिवसात ते संपत नाही. नवरा देवजी गेला तेव्हा शेजारची एकजण म्हणाली होती, "सुटला बिचारा." त्या शेजारणीच्या घरी अकरा वर्षांनी बारसं झालं, तेव्हा गोजराबाई पाळण्याजवळ जाऊन म्हणाली, "अडकलं बिचारं." अकरा वर्षं! लोणचंसुद्धा इतकं मुरत नाही.

अशा बाईला जयमाला मॅडमनी डिवचलं.

तळोज्याच्या रस्त्याला जे नर्सिंग कॉलेज आहे, तिथे गोजराबाई अॅनाटॉमीच्या लॅबमध्ये मावशी. हाडांची कपाटं तिच्या ताब्यात. मॅडम करंजाड्याहून स्कूटीवर यायच्या, पहिल्या वर्षाच्या पोरींना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे पडद्यावर चित्रं लावायच्या आणि हातातल्या लाल दिव्याने ठिपका फिरवायच्या. हाडाला हात लावताना त्यांना कुणी पाहिलं नाही. लागलंच हाड, तर मावशीने टेबलावर आणून ठेवायचं. प्रत्येक हाडावर चिठ्ठी डकवलेली, नाव आणि बाजू, डावं की उजवं. ती वाचली की झालं.

तीन वर्षांपूर्वी एकदा रक्ताभिसरणाचा तास चालू होता. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं, शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या त्याला खाली घसरू देत नाहीत, झडपा थकल्या की रक्त साचतं आणि शिरा फुगतात, इथपर्यंत मॅडम आल्या. तेवढ्यात गोजराबाई खडू ठेवायला आत गेली. मॅडमचे डोळे लकाकले. "मावशी, इकडे या. साडी गुडघ्यापर्यंत घ्या जरा."

गोजराबाईला वाटलं, पायाला काही चिकटलंय. तिने साडी वर घेतली. चाळीस पोरींसमोर तिच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी, आणि त्यांच्यामध्ये लहानपणी गोंदवलेला विंचू.

"व्हेरिकोज व्हेन्स," मॅडम म्हणाल्या. "कारण सांगा."

"बराच वेळ उभं राहणं, मॅडम," पोरी एका सुरात म्हणाल्या.

गोजराबाई उभीच होती. मावशींना बसायला स्टूल द्यायची त्या कॉलेजात पद्धत नाही. मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला, पोरी हसल्या, बाई बाहेर आली. आपण गिळून टाकलं असं तिला वाटलं. मला नाही वाटलं, पण मला कोण विचारतं!

या वर्षी तिची नात मनस्वी त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आली. आजी तिथे मावशी आहे हे पोरीने कुणाला सांगितलं नव्हतं. वय असतं तसं. एक दिवस ती घरी आली आणि ताटावर बसेना.

"काय झाला गो?"

"आजी, आज तू पडद्यावर होतीस. तुझे पाय. भिंतीएवढे."

"माजे हायत कशावरून?"

"विंचू. लादी पुसताना दिसतो ना तुझा. सगळ्या ओरडल्या, ही तर आपली मावशी! खूप हसल्या." मग खाली मान घालून, "मीपण हसले."

म्हणजे तीन वर्षं, दरवर्षी, तिचे पाय नव्या पोरींना दाखवले जात होते. दुसऱ्या दिवशी गोजराबाई मॅडमकडे गेली. "तेवडा फोटो काडून टाका, मॅडम."

मॅडम हसल्या. "अहो, तोंड कुठे दिसतंय तुमचं? पोरींना शिकायला मिळतं. उलट अभिमान वाटायला पाहिजे."

त्या क्षणी मॅडमचं नाव वहीत चढलं. ही वही कागदाची नव्हे, गोजराबाईच्या डोक्यातली. तिला दोन गोष्टी हव्या झाल्या. फोटो जायला हवा, आणि मॅडमनी स्वतःच्या हाताने पुसायला हवा.

परीक्षेच्या आठवडाभर आधी तिने भरल्या स्टाफरूममध्ये विचारलं, "मॅडम, बाहेरचे साहेब येनार. हाडं धुवून ठेवू का?"

"विचारता काय? धुवा की!"

धुतली. सोडा घातलेल्या गरम पाण्यात, काथ्याने घासून. हाडं अशी चकचकीत झाली की बघत राहावं. चिठ्ठ्या मोरीत गेल्या.

पण पोरींचा काय गुन्हा? म्हणून त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिने मनस्वीला आणि तिच्या मैत्रिणींना कपाटापाशी बसवलं. लॅब सुरू झाली तेव्हाच्या म्हाताऱ्या सिस्टर सुमित्राबाईंनी तिला एकेक हाड हातात देऊन शिकवलं होतं. "पुस्तक नंतर. आधी सोताच्या अंगाला हात लावा," असं म्हणून गोजराबाईने पोरींकडून सगळी हाडं चाचपून घेतली.

परीक्षा घ्यायला बाहेरून दिनानाथ सर आले. चष्म्यावरून बघणारे, चहा दोनदा मागणारे. त्यांनी मनस्वीच्या हातात गळ्याखालचं आडवं हाड दिलं, क्लॅव्हिकल. "कुठल्या बाजूचं?"

पोरीने स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवलं. "उजवं, सर."

"मॅडम, बरोबर?"

मॅडमनी हाड घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, टोकं बघितली. चिठ्ठी शोधत होत्या हो! ती कुठे असणार? चाळीस पोरी बघताहेत, सर बघताहेत. मॅडमनी मान ताठ केली. "नाही. डावं."

मनस्वीचा चेहरा पांढरा पडला. सरांनी पेन उचललं. तेवढ्यात दुसरा चहा घेऊन आलेल्या गोजराबाईने ट्रे खाली ठेवला.

"साहेब, लावून बगा ना. मानूस उबा हाय समोर."

"कोण माणूस?"

"मॅडम. त्यांचा गला बारीक, हाड मस्त दिसतंय."

दिनानाथ सर खट्याळ निघाले. "या मॅडम, पुढे या. ओढणी काढा जरा."

मॅडम पुढे आल्या. न येऊन सांगतात कुणाला? गोजराबाईने हाड त्यांच्या डाव्या बाजूला धरलं. "गोल टोक गल्याकडं, चपटा खांद्याकडं, गुळगुळीत अंग वर. आता बाक बगा, पाठीकडं चाललाय. गल्याजवळ बाक पुढं फुगायला हवा." मग उजवीकडे धरलं. मॅडमच्या कातडीखालच्या हाडावर ते असं बसलं, जणू तिथूनच काढलं होतं. "हालू नका मॅडम. पोरींना दिसू दे." पोरी माना उंच करून बघत होत्या. मॅडमच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. गोजराबाईने हाड जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

मनस्वीला पूर्ण गुण मिळाले.

सर गेल्यावर मॅडम लॅबमध्ये एकट्या होत्या. गोजराबाईने दार लोटलं. "मॅडम, एका पोरीनं तुमचा फोटो काडलाय. गला उगडा, हाड लावलेला. माजे पाय पडद्यावरनं काडून टाका, मंग तो बी जाईल."

मॅडमनी संगणक लावला, गोजराबाईचे पाय पडद्यावर आले, पुसले गेले. "त्या कचऱ्याच्या डब्यातनं बी काडा. मनस्वी म्हनते, पयला डब्यात जातंय." डबाही रिकामा झाला. मग मोबाइल उघडायला लावून तिथूनही काढले. गोजराबाई तोवर हलली नाही.

आता तुम्हाला सांगतो, पण करंजाड्याकडे गेलात तर तोंड उघडू नका. परीक्षेच्या दिवशी पोरींचे मोबाइल सकाळीच जमा होतात. ते जयमाला मॅडमनीच गोळा करून कपाटात कोंडले होते. फोटो कुणी काढलाच नव्हता!

घाबरलेल्या बाईला हे सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. कुणी पोरगी मोबाइलकडे बघून हसली, की मॅडमचा हात ओढणीवर जातो.

मी गोजराबाईला म्हटलं, "आता सांगून टाक तिला. झालं ना तुझं?"

"सांगीन की," ती म्हणाली. "रिटायर व्हायला चार वर्षं हायत माजी. त्या दिवशी सांगीन."