मेडशीच्या पुढे तुटलेली पट्टी

मुलगी दोन वर्षांची होती. दोन दिवस घसा दुखतो म्हणून रडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी रडणंही थांबलं आणि श्वास घेताना लाकूड चिरल्यासारखा आवाज येऊ लागला. रिसोडच्या वैद्यांनी चमच्यानं जीभ दाबून पाहिलं. "घटसर्प हाय," ते म्हणाले. "अकोल्याले न्या. आत्ताच्या आत्ता."

आमच्या घरी मोटार होती. मामंजींनी जुनीच घेतलेली, कापडी टपाची, सात माणसं बसतील एवढी. यजमान ती चालवत. मुलीला मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले. एरवी मी मागे बसत असे.

मेडशी मागे पडलं आणि मोटार दोनदा अडखळून गप्प झाली. यजमानांनी पायाखालची फळी उचलली. खाली बॅटरी होती. तिच्या टोकांवर हिरवट-पांढरा फुलोरा आला होता, आणि तिथून मोटारीच्या सांगाड्याला जाणारी जाड पट्टी तेजाबानं खाल्ल्यामुळे तुटून पडली होती.

"ही जोडल्याबिगर ठिणगीच पडत नाही," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही टोकं हातानं जुळवून पाहिली. पट्टीचा भुगा हातात आला.

रस्ता सुना होता. मी मुलीच्या छातीवर हात ठेवून बसले. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. पुढचा श्वास येईपर्यंत मी मनात आकडे मोजत राही.

मागून कापसाची बैलगाडी आली. गाडीवान उतरला, मुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडीच्या दांडीला गुंडाळलेली लोखंडी तार सोडू लागला.

"तुमची गाडी खिळखिळी होईन बाप्पा," यजमान म्हणाले.

"होऊ द्या. कापूस सांडला तं भरता येते."

विळ्यानं फुलोरा खरडून दोघांनी तार चौपदरी पिळून पट्टीच्या जागी बांधली. मग यजमान समोर जाऊन हँडल मारू लागले. तिसऱ्या खेपेला हँडल उलटं फिरलं. कट्कन आवाज झाला. ते मनगट धरून खाली बसले. घाईत चाकाजवळची ठिणगीची कांडी मागे घ्यायची राहिली होती; ठिणगी वेळेआधी पडली की हँडल असा उलटा झटका देतं.

मला वाटलं, आता संपलं.

ते उठले. तोंड पांढरंफटक. डाव्या हातानं कांडी मागे ओढून चाकामागे बसले आणि गाडीवानाला म्हणाले, "आंगठा हँडलभोवती नको घेऊ. खालून वर ओढ."

त्या माणसानं आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता. दुसऱ्या झटक्याला इंजन धरलं. "बंद नका करू आता!" तो ओरडला. त्याचे आभार मानायचेही राहिले.

यजमानांच्या डाव्या हातात चाक होतं. उजवा कामाचा नव्हता. "मी म्हणलं का दांडा मांगं ओढजो," ते गिअरच्या दांड्याकडे मान करून मला म्हणाले.

"मले नाही येत."

"येते. पोरीले दुसऱ्या हातात घे."

त्यांनी पायानं क्लच दाबला, मी दांडा ओढला. खरखर झाली, पण मोटार निघाली. पुढे घाट उतरताना प्रत्येक वळणावर ते "आता" म्हणत आणि मी ओढी. माझे डोळे फळीच्या फटीतून तारेकडे. ती हलायची. दचका बसला की मुलीचा श्वास ऐकायचा, मग इंजनाचा, पुन्हा मुलीचा. पातूरला लोकांनी रस्ता द्यायला वेळ लावला तेव्हा मी, घरात ज्येष्ठांसमोर तोंड न उघडणारी बाई, टपाबाहेर डोकं काढून ओरडले.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मुलीला सुई टोचली. "आज संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही," म्हणाले. मग यजमानांच्या मनगटाला फळ्या बांधल्या. ती संध्याकाळ आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसून होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं बसक्या आवाजात पाणी मागितलं. मी वाटी तोंडाला लावली. पाणी गिळलं गेलं. यजमान उठून व्हरांड्यात गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. त्यांना एकटंच रडायचं होतं.

मुलीचा आवाज भरून यायला महिना लागला. त्यांचं मनगट मात्र थोडं वाकडंच राहिलं.