एकाच तालमीचे पत्रे

“एकट्याच्या छपरावर पत्रा चढणार न्हाय.”

आमच्या शिवाजी पेठेतले पत्र्याचं काम करणारे चाचा ओरडले, की आवाज पन्हाळ्यावर आपटून माघारी येई. समोर एका तालमीचे अध्यक्ष उभे होते. दुसऱ्या तालमीच्या संघाशी त्यांची फुटबॉलची मॅच दोन दिवसांवर आली होती. पेठेतल्या या दोन तालमी मॅचनंतर एकमेकींना पोटभर शिव्या घालत, पण दगड कोणी उचलत नसे. कारण दोघींचीही छपरं कौलांची होती. आता अध्यक्षांना आपल्या कौलांवर पत्रे हवे होते.

“चाचा, आमी फकस्त आमचं डोकं झाकतोय की,” ते म्हणाले.

जगातली कुठलीही बातमी चाचा आपल्या गल्लीत आणून सोडत. त्यांनी पेपर पुढे केला. “अमेरिका बी हेच म्हणतीय. रशियाचं अणुबॉम्ब वरच्या वर उडवायचं. मग तिला भ्या कुणाचं? आन् तवर रशिया गप बसंल व्हय? तुमचं छप्पर झाकलं, की तुमची पोरं पयला दगड टाकतील. न्हायतर त्याआधी समोरची टाकतील.”

एवढं बोलून चाचा पत्र्यांच्या थप्पीवर बसले ते दोन दिवस उठले नाहीत. माझ्या अंदाजाने खालच्या सात पत्र्यांना खड्डा पडला. मॅच झाली, शिव्या झाल्या, कौलं शाबूत राहिली.

नंतर मी विचारलं, “चाचा, दोन्ही तालमींना पत्रे घातले असते तर?”

“मग दोघींनीबी मोठं दगड आणलं असतं,” चाचा म्हणाले.