पालथ्या कपांचा निकाल

"सून लई गुणाची हाय, पर गाणं लागलं की मयताला आल्यागत बसती."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, बैठकीत मित्रांना सांगत होते आणि मी दाराच्या अलीकडे पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. आत जावं की मागे फिरावं, कळेना. शेवटी मुद्दाम बांगड्या वाजवल्या आणि गेले. सगळ्यांनी एकदम पोह्यांची स्तुती सुरू केली. पोहे अजून ट्रेमध्येच होते.

लग्न होऊन श्रीरामपूरला आले तेव्हा वाटलं होतं, सासरचं सांगण्यासारखं ते काय असणार, माहेरी एका फोनमध्ये संपेल. पण या घरात रविवार असतो. मागच्या रविवारचं सांगून होत नाही तोवर पुढचा येऊन बसतो.

रविवारी संध्याकाळी आप्पांचं श्रोता मंडळ भरतं. तरुणपणी हे चार मित्र मिळून रेडिओला पोस्टकार्डं पाठवायचे, आमचं गाणं वरच्या नंबरला न्या म्हणून. रेडिओवरचा तो कार्यक्रम केव्हाच बंद पडला. यांची मोजणी मात्र चालू आहे. नव्वदच्या दशकातली तीच गाणी आणि दर रविवारी नवे नंबर! गाण्यांना मंडळाची स्वतःची नावं आहेत. 'ट्रॅक्टरचं' म्हणजे उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजायचं ते. 'सर नापास' म्हणजे ज्याच्या नादात साळवे सरांचा बी.ए.चा पेपर बुडाला ते. ही गाणी गाजत होती तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

आणि माझं तोंड तसं असायचं, त्याचं कारण गाणी नव्हतीच. पुणतांब्याच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा मला मिळत होती. नितीनची, माझ्या नवऱ्याची, हरकत नव्हती, पण "आप्पांना विचारून घेऊ" यापुढे तो सरकत नव्हता. आप्पा आठवडाभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. मोकळे सापडायचे ते रविवारी. आणि रविवारी मी विषय काढला की ते हात वर करायचे, "थांब बाई, मोजणी चाललीय." शाळेला उत्तर हवं होतं. मी घासलेली भांडी पुन्हा घासत होते.

* * *

मतदान कपांनी होतं. गाणं वाजतं, आणि ज्याला ते वर चढावंसं वाटतं तो आपला रिकामा कप बशीत पालथा घालतो. सुलटा कप म्हणजे नको. टेम्पोवाले बबनकाका कप आडवा ठेवतात. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही.

हे मला पहिल्या रविवारी कुणी सांगितलेलं नव्हतं. चहा झालेला, गाणं संपलेलं, मंडळी तावातावाने बोलतायत. नवी सून कामाला वाघ दिसावी म्हणून मी पटकन कप गोळा केले, आत नेऊन विसळले आणि ओट्यावर ओळीने पालथे घातले.

सासूबाई आत आल्या. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "एकमतानं निवडून आणलंस की गं."

* * *

कॅसेटचा प्लेअर बिघडला तेव्हापासून गाणी नितीनच्या मोबाईलवर लागतात. एकदा 'ट्रॅक्टरचं' ऐन रंगात आलं असताना मध्येच भांडी घासायच्या साबणाची जाहिरात सुरू झाली. बाई गात होती, मागे ढोलकी होती. नितीन चार्जर शोधायला आत गेलेला.

मंडळ डोळे मिटून ऐकत राहिलं. आप्पांनी मांडीवर ठेकाही धरला. जाहिरात संपून पुन्हा गाणं सुरू झालं, तेव्हा बबनकाकांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "हे कडवं आपल्या कॅसेटात न्हवतं."

त्या रविवारी 'ट्रॅक्टरचं' एका नंबरने वर चढलं.

* * *

साळवे सर चर्चमध्ये पेटी वाजवतात. एका नाताळाला त्यांनी नवं गीत रचलं. शब्द अगदी भक्तिभावाचे, गंभीर. पण हात पेटीवर पडले आणि सवयीने चाल लागली ती ट्रॅक्टरची. पुढच्या बाकांवर माणसं मान खाली घालून गात होती आणि मागच्या बाकांवरच्या पोरांचे खांदे हलायला लागले. मग मधल्या बाकांचेही.

नंतर पास्टरांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, ही चाल ओळखीची कशी वाटते? सर म्हणाले, "पाद्रीसाहेब, तुमचे पण खांदे हालत होते."

हा किस्सा सर स्वतःच सांगतात. तो ऐकला तेव्हा मी पहिल्यांदा मंडळासमोर हसले. आप्पांनी चमकून पाहिलं. मला वाटलं, हीच वेळ, आता विचारावं शाळेचं. तेवढ्यात पुढचं गाणं लागलं.

* * *

मंडळातले चौथे, वसंतकाका, आता नाहीत. पण त्यांचा कप मांडला जातो आणि त्यांचं मतही पडतं. ते फोनवरून देतात काकू, पुणतांब्याहून. आप्पा फोन स्पीकरवर टाकून विचारतात, वसंताचं काय? काकू म्हणतात, त्यांचं नेहमीचंच. मग आप्पा तो कप पालथा घालतात. वसंतकाकांचं 'नेहमीचं' एक विरहगीत आहे, आणि ते गेल्यापासून नंबर एकवरून हललेलं नव्हतं. त्याच्या विरोधात मत टाकायची कुणाची छाती?

एका रविवारी काकू फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, आज त्यांचं ऱ्हाऊ द्या. माझं घ्या."

आप्पांनी कपाला घातलेला हात तसाच राहिला.

"माझं मत नको असं हाय. मला ते गाणं कधीच आवडलं न्हाई."

बबनकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा कप सरळ उभा केला. आप्पा म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं सांगायचं न्हाई का?"

"कोनी इचारलंच न्हाई," काकू म्हणाल्या.

विरहगीत थेट चारवर घसरलं. आप्पा त्या रात्री अर्ध्या भाकरीवरच उठले. मी मात्र दोन घास जास्त खाल्ले.

* * *

त्या शुक्रवारी शाळेतून पुन्हा फोन आला. मी गच्चीवर जाऊन बोलले.

रविवारी नितीनलाच काय झालं कोण जाणे. दोन गाण्यांच्या मध्ये त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं: पुणतांबा, शाळा, गणित, रोजची जा-ये. आप्पांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून काहीतरी विचारतील. ते मित्रांकडे वळले आणि म्हणाले, "मंडळापुढं ठेवू."

आणि मतदान सुरू झालं. मी तिथेच, किटली हातात घेऊन उभी.

साळवे सरांनी लगेच कप पालथा घातला. गणिताचं माणूस आजकाल मिळत नाही म्हणाले. बबनकाकांनी आडवा ठेवला: पोरगी शिकलेली हाय, पर रस्ता बी खराब हाय. आप्पांनी आपला कप सुलटा ठेवला आणि चुकून कुणी पालथा घालू नये म्हणून माझ्याकडून त्यात पुन्हा चहा ओतून घेतला. नवी सून, रोजचा प्रवास, लोक काय म्हणतील, असं बरंच काही ते त्या कपाकडे बघत बोलले. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, मला कप का नाही? ते कुणी ऐकलं नाही.

एक होकार, एक नकार, एक आडवा. राहिला वसंतकाकांचा कप. आप्पांनी पुणतांब्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काकूंना सगळं समजावलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती हाय का तितं?"

"हाय की. हितंच उबी हाय."

"मग मला कशाला फोन लावला? तिलाच बोलू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी किटली खाली ठेवली.

"आप्पा, शुक्रवारीच मी शाळेला हो कळवलंय. उद्या सकाळच्या गाडीनं निघणार. मतं घ्यायचीच असतील, तर तुमचा सकाळचा चहा कोण करणार, त्यावर घ्या."